कशामुळे झाले?

‘तिला थायरॉईड आहे’ हे वाक्य गोव्यातल्या डिचोली भागात, मुळगावात, शिरगावात, मयेत आता कुणी आवाज खाली करून बोलत नाही. नुकत्या लग्न झालेल्या मुलीपासून पेन्शनीत निघालेल्या बाईपर्यंत ते कुणालाही लागू पडते. ही ग्रंथी खरे तर प्रत्येकाच्याच गळ्यात असते. पण बोलण्यात अवयवाचे नाव आजाराला चिकटले आहे, ‘तिला यकृत आहे’ म्हणावे तसे. वाक्य उच्चारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कशामुळे झाले? उत्तरेही ठरलेली असतात. खाणीची धूळ. पाकिटातले मीठ. कोबी. टेन्शन. बाळंतपणात पाळले नाही ते पथ्य. ज्याला जे आधीपासून खुपते, ते त्याचे कारण.

हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही, असे माझे मत आहे. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचल्यानंतर आपल्याकडे दिसणारा मंद थायरॉईडचा आजार बहुतांशी ऑटोइम्यून, म्हणजे स्वप्रतिकाराचा आहे : शरीराची राखण करणाऱ्या पेशीच ग्रंथीवर उठतात. अशा आजाराला एक दिवस, एक पदार्थ, एक दोषी नसतो. तो वर्षानुवर्षे मुकाट चालतो आणि लक्षण जाणवते तेव्हा गोष्ट शेवटाकडे आलेली असते. त्या वेळी दारात जो उभा सापडेल त्याची मानगूट धरायची, ही आपली रीत. तिने बाईच्या उपचाराचा घोटाळा होतोच. शिवाय ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा (खाण त्यांत आलीच) त्यांच्यावरचा दावाही कच्चा राहतो.

१. लक्षणाची साक्ष

थायरॉईडचे संप्रेरक शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीचा वेग ठरवते. ते कमी पडले की नाडी, आतडी, स्मरण, पाळीचे चक्र, सगळेच रेंगाळते. थकवा येतो, शौचाला साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आवाज जाड होतो, पाळीत रक्त जास्त जाते, इतर घामाने निथळत असताना हिला गारठते. मे महिन्यात मुळगावात कुणी चादर मागितली तर संशय घ्यायला हरकत नाही. पण यादीतली उरलेली लक्षणे दहा ठिकाणची पाहुणी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थकवा तोही देतो, केस तोही गाळतो. बी-१२ची कमतरता, नैराश्य, ऋतुनिवृत्तीच्या आसपासची वर्षे, पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणे, यांचाही चेहरा तसाच. शेवटच्या गोष्टीची तपासणी कोणत्याही लॅबमध्ये होत नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडोत २५ हजारांहून अधिक लोकांना लक्षणे विचारून त्यांचे रक्तही तपासले गेले. निष्कर्ष २००० साली छापले. ज्यांची ग्रंथी उघडपणे मंदावली होती त्यांनी विचारलेल्या लक्षणांपैकी सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास लक्षणांना ‘हो’ म्हटले. ज्यांची ग्रंथी ठणठणीत होती, त्यांनी १२ टक्क्यांना. फरक आहे, पण त्यावर कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवता येईल इतका नाही. त्यातल्या त्यात उपयोगी ठरले ते नव्याने झालेले बदल. बाई दमते का, यापेक्षा गेल्या वर्षीपेक्षा जास्त दमते का, हा प्रश्न कामाचा.

आपल्याकडे दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत असे वाटते. एक घर म्हणते, बायकांचे दुखणे कायमचेच, तपासायचे काय त्यात? दुसरे घर प्रत्येक दुखण्यावर थायरॉईडचा शिक्का मारते. पहिल्या घरातली बाई वर्षानुवर्षे सुजलेल्या चेहऱ्याने भाकरी थापत राहते. दुसऱ्या घरातल्या बाईचे हिमोग्लोबिन कुणी बघतच नाही. दोघी एकाच समजुतीच्या बळी आहेत : लक्षण पाहिले की आजार कळतो.

२. आकड्याची साक्ष

मग रिपोर्ट. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचा रस सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड ऐकेनासा झाला की ती आवाज चढवते. हा चढता आवाज फार संवेदनशील असतो : थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचे संप्रेरक, किंचित घटले तरी टीएसएच दुपटीने वाढू शकते. म्हणून थायरॉक्सिन अजून मर्यादेत आणि टीएसएच मात्र वर, अशी मधली अवस्था पुष्कळांत सापडते.

भारतातल्या आठ शहरांत झालेला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या आठांत गोवाही होता. ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांना मंद थायरॉईड होता आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. वरची मधली अवस्था आणखी ८ टक्क्यांत. अँटी-टीपीओ ही अँटिबॉडी २१.८५ टक्क्यांत. १०.९५ आणि २१.८५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांच्या रक्तात स्वप्रतिकाराची खूण आहे असे लोक प्रत्यक्ष आजाऱ्यांच्या दुप्पट आहेत. म्हणजे खूण असणे आणि आजार असणे यांमध्ये बरेच अंतर आहे, आणि काही जण ते आयुष्यभर ओलांडत नाहीत.

मधल्या अवस्थेला गोळी द्यावी का? युरोपातल्या एका चाचणीने ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला थायरॉक्सिन दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. निष्कर्ष २०१७ साली आले : औषधाने टीएसएच खाली आले, थकवा होता तिथेच राहिला. आकडा सुधारला, माणूस नाही. गर्भवती स्त्री, गर्भ राहावा म्हणून उपचार घेणारी स्त्री, टीएसएच दहाच्या वर गेलेली व्यक्ती, यांचा हिशेब वेगळा आहे. पण पाच-सहाचा एकच रिपोर्ट पाहून जन्माची गोळी सुरू करणे घाईचे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर अनेकांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो.

३. घरचीच फौज

हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींचे वर्णन केले. या आजाराला आता त्याचेच नाव आहे. ग्रंथीत लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी, ठाण मांडून बसल्या होत्या. त्या तिथे काय करत होत्या, हे त्याला ठाऊक नव्हते. उत्तर आले १९५६ साली, तेही दोन ठिकाणांहून. लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात ग्रंथीच्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचून तसाच दाह निर्माण करून दाखवला. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, ही तोवरची वैद्यकातली श्रद्धा. तिला पहिला मोठा तडा गेला तो याच ग्रंथीपाशी.

प्रत्यक्ष नासधूस मुख्यतः टी-पेशी करतात. अँटिबॉडी हा बऱ्याच अंशी त्या धुमश्चक्रीचा धूर. म्हणून अँटिबॉडीचा आकडा दर तीन महिन्यांनी मोजण्यात पैशांखेरीज काही जात नाही आणि काही हाती लागत नाही. सेलेनियमच्या गोळ्यांनी धूर थोडा विरळ होतो असे काही चाचण्यांत दिसले. त्याने ग्रंथी वाचते याचा भरवशाचा पुरावा नाही. गव्हाचे ग्लुटेन सोडण्याचेही तेच. सीलिअक रोग असेल त्याने ते सोडलेच पाहिजे, आणि हे दोन आजार एका माणसात योगायोगापेक्षा जास्त वेळा भेटतात हे खरे. पण उकड्या तांदळाची पेज आणि हुमण-भात जेवणाऱ्या डिचोलीत ग्लुटेनविरोधाची लाट यावी, यात मला थोडी गंमत वाटते.

४. बीज

या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकबीज जुळ्यांपैकी एकाला स्वप्रतिकारी मंद थायरॉईड असेल तर दुसऱ्यालाही तो साधारण निम्म्या वेळा आढळला. द्विबीज जुळ्यांत जवळपास कधीच नाही. पहिला आकडा बीजाचे बळ सांगतो आणि त्याच दमात त्याची मर्यादाही. सगळी जनुके सारखी असून अर्ध्या वेळा दुसरा सुटतो. आपल्याकडे शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी मानल्या जातात. एका रक्ताच्या, पण प्रत्येकीचे गाव वेगळे, उत्सव वेगळा. मंद थायरॉईडच्या घराण्यांतही असेच घडते : एकीला हाशिमोतो, दुसरीला कोड, तिसरीला टाइप-१ मधुमेह, चौथी ठणठणीत.

स्त्रियांत हा आजार पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी अधिक. त्याचा दोष बाईच्या ‘टेन्शन’वर टाकणे सोपे आहे, आणि मानसिक ताणाचा थोडाफार धागा ग्रंथी अतिवेगाने चालण्याच्या ग्रेव्ह्ज आजाराशी जुळतोही, हाशिमोतोच्या बाबतीत मात्र तो पुरावा पातळ आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक झाकून ठेवावे लागते. ते झाकणारा ‘झिस्ट’ नावाचा रेणू आणि त्याला चिकटलेली प्रथिने स्वप्रतिकाराला चिथावू शकतात, असे २०२४ साली उंदरांवरच्या एका संशोधनात दिसले. गर्भारपणात रोगप्रतिकारशक्ती नमते घेते आणि बाळंतपणानंतर उसळून येते. काही स्त्रियांत त्या उसळीत ग्रंथी सापडते. यात पथ्याची चूक कुठे आली? ज्या सासूने ओवा, डिंक, शेक सगळे काटेकोर केले तिच्या सुनेलाही हे होते.

५. मिठाचा पेच

माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा मिठावर होते. कारण इथे लोकांचा संशय अर्धा खरा आहे.

मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना जाडे गावठी मीठ घेणारी घरे पेडणे-डिचोलीत अजून आहेत. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ लोणच्याला लागते, खाऱ्या मासळीला लागते, नारळाच्या आळ्यातही पडते. ‘समुद्राचे मीठ, त्यात आयोडीन असतेच’ अशी त्यामागची खात्री. हिशेब करून पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम, आणि मीठ ३५ ग्रॅमच्या आसपास. सगळे आयोडीन मिठात उतरले असे मानले (प्रत्यक्षात तसे होत नाही) तरी दहा ग्रॅम मिठातून १७ मायक्रोग्रॅम मिळतील. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीची २५०. उलट आयोडीन घातलेल्या मिठात घरी पोचेपर्यंत दशलक्ष भागांत निदान १५ भाग आयोडीन असावे असा भारतीय नियम आहे; म्हणजे दहा ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅम. नुस्ते खाणाऱ्या घरात मासळीची भर पडते. श्रावणात आणि मासेमारीबंदीच्या दिवसांत तीही आटते.

हा नियम हवेतून आला नाही. कांग्रा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे प्रा. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी आली, २००० साली उठली, मे २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. या धरसोडीत लोकांच्या मनात संशय रुजला तर नवल नाही.

आता त्यांचा अर्धा खरा मुद्दा. आयोडीन वाढले की लोकसंख्येत स्वप्रतिकारी मंद थायरॉईड थोडा वाढतो. डेन्मार्कने १९९८ पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली; पुढच्या वर्षांत मंद थायरॉईडचे नवे रुग्ण लाखामागे वर्षाला सुमारे ३८ वरून ४७ वर गेले. चीनमध्ये कमी, पुरेसे-जास्त आणि अति आयोडीन असलेल्या तीन भागांतल्या लोकांची पाच वर्षांनी फेरतपासणी झाली. मधल्या अवस्थेचे नवे रुग्ण अनुक्रमे ०.२, २.६ आणि २.९ टक्के निघाले. आयोडीन भरपूर मिळाले की ग्रंथीतले थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत अधिक भरते, असे यामागचे एक स्पष्टीकरण आहे.

तर मग मिठाने झाले, असे म्हणायचे? म्हणता येईल, पण वाक्य पुरे करावे लागेल. ज्याच्या बीजात कल आहे, ज्याची ग्रंथी कमी आयोडीनची सवय करून बसली होती, त्याला अचानक भरपूर आयोडीन मिळाले तर आजाराची शक्यता किंचित वाढते. आणि मीठ बदलले नसते तर? गर्भातल्या बाळाची ग्रंथी पहिले काही महिने काम करत नाही. त्या काळात मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावर चालते आणि ते बनवायला आयोडीन लागते. प्रौढ बाईचा मंद थायरॉईड रोजच्या एका स्वस्त गोळीने सांभाळता येतो. बाळाच्या मेंदूचे नुकसान कोणत्याच गोळीने भरून येत नाही. पाकिटातले मीठ टाकून गावठी मिठाकडे वळणारी गर्भवती हा सौदा उलटा करते आहे. आठ शहरांच्या त्याच अभ्यासात मुंबई, गोवा, चेन्नई या किनाऱ्यावरच्या ठिकाणी प्रमाण ९.४५ टक्के आणि आतल्या शहरांत ११.७३ टक्के होते. समुद्राने अभय दिले म्हणावे इतका हा फरक नाही, आणि समुद्राने ग्रासले म्हणायला तर आकडे उलटेच आहेत.

कोबीचे प्रकरण दोन ओळींत संपते. २०१० साली एका ८८ वर्षांच्या स्त्रीचा थायरॉईड बंद पडून ती बेशुद्धावस्थेत पोचल्याची नोंद झाली. ती कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्ची चिनी कोबी खात होती. आपल्या शिजवलेल्या कोबीच्या भाजीला या खटल्यात ओढू नये.

६. ‘मग खाणीला निर्दोष सोडायचे?’

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो रागातून येतो आणि राग रास्त आहे. मुळगावच्या लोकांनी शेतात उतरलेला खाणीचा गाळ पाहिला आहे, धूळ गिळली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर डिचोलीच्या ब्लॉकात परत यंत्रे लागली. अशा गावात प्रत्येक आजारामागे खाण दिसणे स्वाभाविक आहे.

लोहखनिजाच्या धुळीत लोहाची ऑक्साइडे, मँगनीज आणि सिलिका असते. सिलिकाचा फुप्फुसाच्या आजाराशी संबंध पक्का आहे. इतकेच नाही, श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकाचा ऱ्हुमटॉइड संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा या स्वप्रतिकारी आजारांशीही संबंध कामगारांच्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसला आहे. हाशिमोतोच्या बाबतीत मात्र तसा भक्कम पुरावा नाही. खाणीच्या सुनावणीत उभे राहून ‘आमच्या बायकांना खाणीमुळे थायरॉईड झाला’ म्हटले, की समोरचा वकील आठ शहरांची आकडेवारी काढील, दिल्ली आणि कोलकात्यात कुठली खाण, असे विचारील, आणि त्या एका चुकीच्या दाव्यासोबत दमा, खोकला, नासलेली विहीर, बुडालेले शेत या खऱ्या तक्रारीही हसण्यावारी नेईल. जिथे पुरावा आहे तिथे बोट रोवावे. सांधे सुजलेला जुना खाण-कामगार गावात असेल तर त्याची चौकशी आधी व्हावी.

७. ‘कारण कळले नाही तर उपचार कसला?’

दुसरा आक्षेप असा, की एकच कारण नाही म्हणणे म्हणजे हात वर करणे. इतिहास उलट सांगतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे याने १८९१ साली एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. ग्रंथी निकामी कशाने होते, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हते. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. आज शुद्ध लेव्होथायरॉक्सिनची गोळी मिळते आणि ती बुद्धीने घेतली तर आयुष्य इतरांसारखे जाते.

बुद्धीने घेणे मात्र अवघड ठरते, कारण आपले घर सकाळच्या चहाभोवती फिरते. ही गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. रक्तक्षयासाठी लोहाची गोळी घेणारी बाई आठवण राहावी म्हणून दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवते, एकाच घोटात गिळते. लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते, टीएसएच वाढते, डॉक्टर मात्रा वाढवतात. वर्षभर हा खेळ चालतो आणि घरात निष्कर्ष निघतो, हिच्या अंगाला गोळी लागू पडत नाही. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी रक्त तपासण्यात अर्थ नसतो; थायरॉक्सिन शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. जाहिरातीतल्या समुद्रशेवाळाच्या ‘थायरॉईड’ कॅप्सूल तर आगीत तेल. त्यांतले आयोडीन मोजमापाबाहेर असू शकते, आणि हाशिमोतोच्या ग्रंथीला नेमके तेच सोसत नाही.

गोळी बरोबर, टीएसएच बरोबर, तरी थकवा जात नाही, असेही पुष्कळदा घडते. तेव्हा कलम १ कडे परत यावे आणि हिमोग्लोबिन, फेरिटीन, बी-१२, झोप यांची विचारपूस करावी.

८. विचारायचा प्रश्न

‘कशामुळे’च्या जागी काय विचारावे, याचा नमुना इंग्लंडमध्ये पूर्वी डरहॅम परगण्यात असलेल्या विकहॅमने घालून दिला आहे. तोही खाणींचा मुलूख, कोळशाच्या. १९७०च्या दशकात तिथल्या २,७७९ प्रौढांचे रक्त तपासले, आणि वीस वर्षांनी हयात असलेल्यांना शोधून पुन्हा तपासले. ज्या स्त्रियांत सुरुवातीला टीएसएच वाढलेले आणि अँटिबॉडीही होती, त्यांत दर वर्षी ४.३ टक्के स्त्रियांची ग्रंथी उघडपणे मंदावली. फक्त टीएसएच वाढलेल्यांत २.६, फक्त अँटिबॉडी असलेल्यांत २.१ टक्के. जगभरचे डॉक्टर आजही या आकड्यांवरून कुणाला वर्षाने बोलवायचे आणि कुणाला निर्धास्त घरी पाठवायचे हे ठरवतात.

मुळगावात धुळीचा वाटा आहे की नाही हे खरोखर जाणून घ्यायचे असेल तर वाट हीच. मुळगावच्या आणि मोरजीसारख्या खाण नसलेल्या गावच्या समवयस्क स्त्रियांचे टीएसएच, अँटी-टीपीओ आणि लघवीतले आयोडीन आज मोजायचे. कोण कुठले मीठ खाते, कोणाच्या आई-बहिणीला काय आहे, कोण कितव्या वर्षापासून गोळी घेते ते लिहून ठेवायचे. आणि पाच, दहा, पंधरा वर्षांनी त्याच स्त्रियांच्या दारात पुन्हा जायचे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही गावांपासून गाडीने तास-दीड तासाच्या आत आहे.

विकहॅममध्ये दुसऱ्यांदा दार ठोठावले तेव्हा पहिल्या यादीतले अनेक जण वारले होते. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीही काढून हिशेबात धरल्या.